तेराव्या दिवशीचा कर्ता

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या, वर्धा नदीच्या अंगाला असलेल्या एका गावातलं आहे. नावं दिलेली नाहीत, नाती तेवढी ठेवली आहेत. शेताचा आकार, शाळेचं ठिकाण असे काही तपशील बदलले आहेत. मुलगा आता अठरा ओलांडून गेलाय. त्याच्या आणि त्याच्या आईच्या होकारानंतरच हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

साडेपाच एकर शेत. कपाशी, तिच्यात तुरीच्या ओळी, बांधाकडं थोडं सोयाबीन. घरात नवरा-बायको, म्हातारी आजी, दहावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी. शेजारचं शेत काकाचं, विहीर दोघांत मिळून. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांचा त्रास या पट्ट्यात एवढा आहे की सोयाबीन भरायला लागल्यापासून कापूस घरी येईपर्यंत कोणीतरी रात्री शेतात जागलीला जातंच. 2022 च्या पावसाळ्याच्या शेवटी असंच एका रात्री मचाणावरून खाली उतरताना वडिलांना साप चावला. काकानं दुचाकीवर मधे बसवून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथून जिल्ह्याला न्यायचं ठरलं आणि वाटेतच सगळं संपलं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. त्यातले दोन प्रसंग या प्रकरणाच्या मुळाशी आहेत.

पहिला प्रसंग दहाव्या दिवशीचा, नदीवरचा. मुलाचं मुंडण झालेलं, पिंड मांडलेले, आणि कावळा शिवेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं मानतात. मग एकेक जण पुढं होऊन बोलू लागला. बायकोला अंतर देणार नाही, म्हातारीला सांभाळू. तरी कावळा झाडावरच. शेवटी काका हात जोडून म्हणाला, "भाऊ, पोरायची काळजी नको करू. आम्ही पाहू त्यायले. शिकवू." काठावर बसलेली आठदहा माणसं "हो, हो, आम्ही आहो" म्हणाली. थोड्या वेळानं कावळा उतरला.

दुसरा तेरवीचा. जेवणावळीआधी मांडवात मामानं आणलेलं पागोटं मुलाच्या डोक्यावर बांधलं गेलं. आता पागोटं म्हणजे पांढरा दुपट्टाच असतो. मोठ्या माणसांनी एकेक करून खांद्यावर हात ठेवला. "आता तू घरचा कर्ता झाला. मायले, बहिनीले पाहाचं. रडाचं नाही." आई तेव्हा आत, चुलीच्या खोलीत बसलेली होती. मुलाचं वय पंधरा वर्षं आणि काही महिने.

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आर्नल्ड व्हॅन गेनेप या अभ्यासकानं 1909 मध्ये जगभरच्या संस्कारविधींची एक मांडणी केली. माणसाला आधीच्या जागेवरून वेगळं काढायचं, मग ना इकडचा ना तिकडचा असा काही काळ ठेवायचं, आणि नंतर नव्या जागी सगळ्यांसमोर बसवायचं. मुंजीत हे तिन्ही टप्पे दिसतात. मातृभोजन झालं की आईच्या ताटातून उठायचं, गुरूकडं वर्षानुवर्षं राहायचं आणि सोडमुंज करून परतायचं. गडचिरोलीच्या माडिया गोंडांमध्ये तरुण पोरांसाठी गोटुल, म्हणजे गावातलं एकत्र जमायचं घर होतं, काही ठिकाणी अजून आहे. कुणब्या-माळ्यांच्या पोराला असं काय मिळतं? जावळ निघतं, कान टोचतात, आणि त्यानंतर एकदम लग्नाची हळद. मधली सगळी वर्षं मोकळी. लहानपणी तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत दारोदार जायचं आणि अंगात जोर आला की मोठ्या पोळ्यात खरी जोडी तोरणाखाली न्यायची, एवढंच काय ते.

त्यामुळं बाप अवेळी गेला की तेरवीवर दोन कामं येऊन पडतात. ती रीत मुळात गेलेल्याला मार्गी लावण्यासाठी आहे. पोराला माणूस करण्याचं कामही त्याच मांडवात, त्याच दुपारी उरकलं जातं. मधला काळ सुतकाच्या दिवसांएवढा, आणि तोही रडण्यात आणि पाहुण्यांना चहा देण्यात जातो.

प्रश्न काय होता

दिवाळीनंतर वर्गशिक्षकांचा मला फोन आला. त्यांच्या शाळेत मी मुलांच्या गटाबरोबर अधूनमधून सत्रं घेतो. मुलगा शाळेत येत नव्हता. घरी बोलवायला गेले तर ओसरीवर येऊन शांतपणे म्हणाला, "घरचं मी पाहून राहिलो, सर. शाळा काय, पुढल्या वर्षीबी होते."

घरी जाऊन पाहिलं तेव्हा जे दिसलं ते असं. मुलगा रोज रात्री एकटा जागलीला जायचा, त्याच शेतात, त्याच मचाणावर. दिवसा दुपारपर्यंत झोपायचा. बोंडअळीसाठी वडिलांचा पंप पाठीवर घेऊन फवारणी करत होता, तोंडाला साधा रुमालही न बांधता. याच जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात फवारणीतल्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. संध्याकाळी पानठेल्यावर उभा राहून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खायला लागला होता. वडील खायचे तोच, त्याच ठेल्यावरून.

बहिणीला त्यानं सायकलनं शाळेत जायची मनाई केली होती. ती म्हणाली, "दादा, बाबा असते तं जाऊ दिलं असतं." यावर त्यानं ताट सरकवलं आणि उठून गेला. आईशी तो काकाच्या आवाजात बोलायला लागला होता. आईनं मला सांगितलं ते वाक्य मी तसंच लिहून घेतलं आहे: "पागोटं त्याच्या डोक्शावर आलं, पन पोट्टा त्याच्या खाली दिसेनासाच झाला."

आणि शेवटची गोष्ट. आईला कपाटात शंभर रुपयांचा मुद्रांक सापडला. रस्त्याला लागून असलेले दोन एकर काकाला देण्याचा मजकूर, खाली मुलाची सही. काकानं त्याला समजावलं होतं की आता कर्ता तूच, वहिनीला यातलं काय कळतं.

गावात बोललं जात होतं की पोट्टा बिघडला. मला ते पटलं नाही. तेराव्या दिवशी मांडवात जे जे सांगितलं गेलं ते हा मुलगा अक्षरशः करत होता. रडत नव्हता. आईला, बहिणीला 'पाहत' होता. बापाची काठी, बापाचा पंप, बापाचा खर्रा, बापाची मचाण, सगळं त्यानं उचललं होतं. गावानं मागितलेला कर्ता असाच दिसणार होता. नदीवर बोललेला दुसरा अर्धा भाग, 'आम्ही आहो, शिकवू' हा, मात्र कोणी उचलला नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार शिक्षकांचा होता: समजावून, थोडा दट्ट्या देऊन शाळेत आणायचं. शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच चालतो, त्यामुळं कायद्याचा धाकही नव्हता. शिवाय शाळेत आणलं तरी रात्रीची जागल कोण करणार, या प्रश्नाला शाळेकडं उत्तर नव्हतं.

मामाचं म्हणणं, मी घेऊन जातो त्याला, आमच्याकडं राहून दहावी करेल. हा पर्याय आम्ही बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मुलगा सुरक्षित राहिला असता, अभ्यासही झाला असता. पण घर टाकून पळाला ही बोच त्याला लागली असती आणि काकाला रान मोकळं मिळालं असतं. आईनं एका वाक्यात नाही म्हटलं: "मंग मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

तिसरा पर्याय शेत मक्त्यानं द्यायचं आणि बैलजोडी विकायची. हिशेबाच्या दृष्टीनं हाच सगळ्यात सरळ होता. काकाही याच बाजूनं होता. जोडी विकायचा विषय निघाला की मुलगा उठून गोठ्यात जाऊन बसायचा, म्हणून तो आम्ही सध्या बाजूला ठेवला.

चौथा पर्याय सुचवला तो मुलाच्या चुलत आजोबांनी. सगळे त्यांना आबा म्हणतात. गुरुदेव सेवा मंडळाच्या सायंप्रार्थनेला रोज बसणारा, श्रावणात पोथी सांगणारा माणूस. त्यांचं म्हणणं, पागोटं बांधलंय ते आता उतरवता येत नाही. उतरवलं तर पोराची गावात मान खाली जाईल. पण नदीवर जे बोलले होते त्यांना बोलावता येतं. मला हे पटलं, याचं कारण व्यवहाराचं होतं. पोराला बदलायला बसवण्यापेक्षा मोठ्यांना त्यांच्याच शब्दाला बांधणं सोपं होतं. शब्द सगळ्यांच्या देखत गेला होता आणि त्याचा साक्षीदार मेलेला भाऊ होता.

काय केलं

आधी कागद. आईला घेऊन तलाठ्याकडं वारस फेरफाराचं पाहिलं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणं विधवा, मुलगा, मुलगी आणि मृताची आई, चौघांचा वाटा सारखा. सातबाऱ्यावर दोन्ही मुलांच्या नावाला 'अ.पा.क. आई' लागतं, म्हणजे मुलं अज्ञान (कायद्यानं अठराच्या आतली) आणि पालनकर्ती आई. मुलगा सोबत होता. नोंदीचा मसुदा त्यानं स्वतः वाचला आणि बाहेर येऊन बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मंग मांडवात काय झालं थे?" त्याला सांगितलं की मांडवातलं गावाचं आणि हे सरकारचं, दोन्ही चालतं, पण अज्ञानाची सही असलेला करार कायद्यापुढं टिकत नाही, आणि अज्ञानाच्या वाट्याची जमीन विकायची तर पालक आईलाही आधी कोर्टाची परवानगी लागते. मुद्रांकाचा विषय तिथंच निकामी झाला. काकाशी त्यावरून भांडायची गरजच उरली नाही, आणि पुढच्या बैठकीसाठी ते फार महत्त्वाचं ठरलं. त्याच फेरीत गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात गेला. सर्पदंशानं मृत्यू झाला तर वारसांना 2 लाख मिळतात.

मग बैठक, घरातच. इथं दोन ठिकाणी निर्णय घ्यावा लागला. आई कुठं बसणार? तेरवीला ती आत होती. आजीनं तिचा हात धरून तिला सतरंजीवर, सगळ्यांत मधे बसवलं. आणि मुलगा असावा का? आईला वाटत होतं त्याला बाहेर पाठवावं, त्याच्या देखत काकाला बोललं तर बिघडेल. आबा म्हणाले, ज्याच्या डोक्यावर बांधलं त्याच्या मागून ठरवायचं कसं? तो उंबऱ्यावर बसला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

आबांनी आवाज न चढवता काकाला विचारलं, "कावळा कोन्या बोलीवर शिवला होता, आठवते?"

काका खाली पाहत राहिला. मग त्याचं बोलणं सुटलं. त्याच्यावरही सोसायटीचं कर्ज होतं, विहिरीची मोटर दोनदा जळाली होती, भाऊ गेल्यापासून त्याच्याही घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. भावाला मधे धरून बसवलेली ती दुचाकी त्यानं त्या दिवसानंतर चालवलीच नव्हती. जमिनीचा मोह नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो फक्त मोह नव्हता.

सगळ्यात अनपेक्षित बोलली ती आजी. "याच्या बापालेबी असंच बांधलं होतं. बारावीत होता. तवापासून थो धड हासला नाही." मुलाला हे माहीत नव्हतं. वडील बारावी सोडून शेतात आले एवढंच त्यानं ऐकलं होतं, का ते कोणी सांगितलं नव्हतं.

ठरलं ते असं. नदीवर 'हो' म्हटलेल्यांपैकी पाच जण आळीपाळीनं जागल करतील, काका त्यांत पहिला. मुलगा फक्त शनिवारी जाईल, तोही आबा किंवा काकाबरोबर. अठरा होईपर्यंत फवारणीच्या पंपाला हात नाही. मार्चपर्यंत शाळा. कागदपत्रं आणि पैसा आईकडं. मात्र मुलाकडून सगळंच काढून घ्यायचं नाही यावर आबा अडून बसले, आणि ते बरोबरच होतं. बैलजोडी पूर्णपणे त्याची: चारा, पाणी, डॉक्टर, सगळं. आणि कापसाच्या हिशेबाची वही तो लिहील, आईला वाचून दाखवेल. बहिणीच्या सायकलीचा विषय बैठकीत आलाच नाही. तो आईनं दुसऱ्या दिवशी एकटीनं मिटवला. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही.

मचाणावरची गोष्ट

कृतीच्या यादीत हे बसत नाही, पण माझ्या मते प्रकरण इथं वळलं, म्हणून वेगळं लिहितो.

मुलाच्या मोबाइलच्या स्टेटसवर तेव्हा अभिमन्यूचं चित्र होतं, रथाचं चाक दोन्ही हातांनी उचललेला, खाली एकट्यानं लढण्याबद्दलची एक फुशारकीची ओळ. आबांच्या लक्षात ते आलं होतं. एका शनिवारी मीही गेलो होतो. थंडी पडलेली, खाली शेकोटी, मधूनच कुठंतरी डबा वाजवल्याचा आवाज. आबांनी विचारलं, अभिमन्यू किती वर्षांचा होता?

"सोळा."

"अन् चक्रव्यूहात गेला कसा? आपल्या मनानं?"

मुलाला वाटत होतं, हो. आबांनी द्रोणपर्वातली गोष्ट सावकाश सांगितली. युद्धाचा तेरावा दिवस. अर्जुनाला संशप्तकांनी, म्हणजे मरेपर्यंत लढायची शपथ घेतलेल्या योद्ध्यांनी, लांब ओढून नेलेलं, कृष्ण, म्हणजे सख्खा मामा, त्याच्या रथावर. व्यूह फोडणारं दुसरं कोणी नाही म्हणून धर्मराज पोराला म्हणतो, तू वाट कर. पोरगा आधीच सांगतो की मला आत जाणं येतं, बाहेर येणं येत नाही. धर्मराज आणि भीम म्हणतात, तू दार फोड, आम्ही तुझ्या मागून आलोच. तो फोडतो. आणि मागून येणाऱ्या चौघाही काकांना एकटा जयद्रथ दारातच अडवतो.

मुलगा बराच वेळ शेकोटीत काडी फिरवत होता. मग म्हणाला, "चार जनायले एक जन अडवते?"

"अडवलं ना."

"मंग दुसऱ्या बाजूनं काहून नाही गेले?"

आबांनी यावर उत्तर दिलं नाही. काका तिथंच, पाठ करून पडलेला होता. झोपलेला नव्हता, हे त्याच्या श्वासावरून कळत होतं.

ही गोष्ट गावात प्रत्येकाला येते. सांगताना मात्र पोराचं शौर्य सांगितलं जातं आणि मोठ्यांचा शब्द गाळला जातो. पुराणकथा पोरांना घडवतात असं आपण म्हणतो तेव्हा कोण सांगतंय, कुठवर सांगतंय आणि ऐकायला आणखी कोण बसलंय, यावर ते फार अवलंबून असतं. भर वर्गात ही गोष्ट सांगितली असती तर मुलानं ती पुन्हा एकदा शूराची म्हणूनच ऐकली असती. बापाच्या मचाणाखाली, काकाच्या देखत ती वेगळी झाली. आबांनी त्यातून काही समजावून सांगितलं नाही, याचंही श्रेय त्यांना द्यायला हवं. मी असतो तर मला राहवलं नसतं.

काय झालं

जागलीची पाळी पाच जणांनी महिनाभर नीट पाळली. संक्रांतीपर्यंत दोघं गळले. उरलेल्या तिघांनी कापूस घरी येईपर्यंत निभावलं, आणि काकाची एकही पाळी चुकली नाही.

कापसाच्या वहीनं अपेक्षेपेक्षा जास्त काम केलं. आदल्या हंगामात भाव क्विंटलला 10 हजारांवर गेलेले सगळ्यांच्या डोक्यात होते, म्हणून त्या वर्षी घरोघरी कापूस साठवून ठेवला जात होता. लांब धाग्याचा हमीभाव 6,380 होता, बाजार त्याहून वर होता, तरी विकायला कोणी तयार नव्हतं. मुलाचंही मत थांबायचं. आईनं जानेवारीत अर्धा विकला, अर्धा ठेवला. पुढे भाव घसरत गेले. वहीत दोन्ही विक्रीचे आकडे मुलानंच लिहिले. आई त्यावर काही बोलली नाही, असं तो स्वतःहून मला सांगत होता. त्याला ते फार लागलं होतं, चांगल्या अर्थानं.

दहावीत गणित राहिलं. जुलैच्या फेरपरीक्षेत निघालं आणि तालुक्याला अकरावीला नाव घातलं. योजनेचे 2 लाख उशिरा आले. त्यातून शेताभोवती झटका मशीन (जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेत विजेचा हलका धक्का सोडणारं) बसवलं, उरलेले ठेवीत टाकले. बालसंगोपन योजनेतून दोन्ही मुलांना दरमहा 2,250 प्रमाणे मिळू लागले. रस्त्याकडचे दोन एकर आईनं काकालाच दोन वर्षांच्या मक्त्यानं दिले, लिहून, रक्कम आधी घेऊन. लोकांना हे चमत्कारिक वाटलं. मला तो सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा व्यवहार वाटतो.

खर्रा सुटला नाही. कमी झाला म्हणतो.

2023 चा पोळा. आदल्या संध्याकाळी खांद शेकताना बैलांना 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हणायचं काम मुलानं केलं, हळद-लोणी चोळलं. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, घुंगरांच्या माळा घालून जोडी तोरणाखाली नेली. वडील असताना तो मागून काठी घेऊन चालायचा. या वेळी कासरा त्याच्या हातात आणि मागं काका. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, झाल्या, 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' झालं, तोरण तुटलं. घरोघरी जोडी नेल्यावर जो बोजारा (ओवाळणीचे पैसे) मिळाला तो त्यानं आणून बहिणीच्या हातावर ठेवला.

दारात जोडी आली तेव्हा ओवाळणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. विधवेनं ओवाळायचं नाही अशी रीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, त्यानंतर 17 मे 2022 ला शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक पाठवलं. या गावात ते ग्रामसभेत वाचलं गेलं होतं, ठराव काही झाला नव्हता. आजीनं ताट सुनेच्या हातात दिलं. दोन-तीन बाया कुजबुजल्या, एक उठून गेली. आईनं बैलांना ओवाळलं, मग मुलाला.

वेगळं काय करता आलं असतं

शाळा तेरवीला हवी होती. शिक्षक भेटून गेले, पण मांडवात कोणी नव्हतं. ज्या दुपारी सगळं गाव मुलाला काय करायचं ते सांगत होतं, तेव्हा 'सोमवारी वर्गात ये' एवढं सांगायलाही कोणी असतं तर दिवाळीपर्यंतचे आठवडे वाया गेले नसते.

आईला आत बसवून घराचा कर्ता ठरवणं हीच खरी गफलत. कायद्यानं पालनकर्ती तीच. मामाबरोबर तिचाही हात पागोट्याला लागला असता तर काकाला 'वहिनीला काय कळतं' हे म्हणणं जड गेलं असतं.

जागलीची पाळी नदीवरच, दहाव्या दिवशीच लागायला हवी होती. शब्द ताजा असताना माणसं उठतात. दोन महिन्यांनी त्यांना गोळा करायचं तर आबांसारखा माणूस लागतो, आणि तो प्रत्येक गावात नसतो. ज्या गावात नाही तिथं हा मार्ग चालेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पाळीत सगळी चाळिशीच्या पुढची माणसं होती. पंचवीस-तिशीतला एकही नव्हता. त्या वयाची पोरं पानठेल्यावर आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, होती. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यापासून पट पुन्हा जोरात भरू लागले होते, आणि मुलगाही दोनदा जाऊन आला. त्या पोरांना पाळीत घ्यायचा विचार कोणाच्याही डोक्यात आला नाही. मुलाला कोणाकडं पाहावंसं वाटत होतं हे पाहिलं तर ती चूक लहान नव्हती.

आता पागोट्याबद्दल. माझं मत, अठराच्या आतल्या मुलाला ते बांधू नये. आईच्या खांद्यावर घालावं, मुलगा जाणता झाला की तिनं त्याच्या डोक्यावर ठेवावं. आबांना हे अर्धं पटतं. मामाला मुळीच नाही.

मुलाला विचारलं तेव्हा तोही नाही म्हणाला. "तेवढं तं पाह्यजेच, सर. नाही बांधलं असतं तं मले वाटलं असतं का गावानं मले मोजलंच नाही." मग थोडं थांबून, "पन त्या दिवशी बांधून सगळे जेवाले बसले. थे नाही पाह्यजे."